सापडलेले नाणे ओळखायला खर्च किती?

भात कापून झाले की रायपूरजवळच्या अभनपूरच्या शिवारात बांधबंदिस्तीची कामे निघतात. अशाच कामात ओळखीच्या एका शेतकरीदादांच्या कुदळीखाली काळपट चकती आली. ती घेऊन ते रायपूरला माझ्याकडे आले, पण घरून निघण्याआधी त्यांनी ती चिंच आणि राख लावून घासली होती. तांबे गुलाबी लखलखत होते. वजन भरले ६.२ ग्रॅम. भिंगाखाली पानांच्या चक्राचा अर्धा भाग दिसला, म्हणजे इंग्रजी अमलातला पाव आणा. साल मात्र पार पुसून गेले होते.

“याचे किती येतील?” दादांनी विचारले. सापडलेले नाणे घेऊन येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. माझे सांगणे असे की, आधी ओळखायला किती लागतील ते पाहा. ओळख बहुतेक वेळा दोन-अडीच हजारांच्या आत होते. नुकसान होते ते घासण्यात, लपवण्यात आणि भामट्यांना पैसे देण्यात.

पहिला तास : खर्च शून्य

नाणे दिसताच जागेचा फोटो काढा. खसरा नंबर (शेताचा सरकारी क्रमांक), तारीख, किती खोलीवर मिळाले आणि शेजारी खापरे, विटा, कोळसा काय होते, ते वहीत लिहा. नाण्याच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो पट्टी शेजारी ठेवून, तिरप्या उजेडात घ्या. पुसट अक्षरे तिरप्या उजेडातच उठून दिसतात.

माती फार असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर भिजवा आणि मऊ कापडावर टिपून घ्या. चिंच, लिंबू, पितांबरी, सोनाराचे तेजाब, टूथपेस्ट यांतले काहीही नको. तांब्यावर चढलेला हिरवा-काळा थर हेच त्याचे कवच असते. तो गेला की अक्षरे जातात आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही जाते. गाडगे किंवा नाण्यांचा ढीग लागला तर खणणे तिथेच थांबवा.

घरचे सामान : साधारण ८०० ते २,००० रुपये

- दहापट दाखवणारे भिंग : २०० ते ५००
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा : ३०० ते ८००
- डिजिटल व्हर्नियर कॅलिपर : ३०० ते ६००
- लहान लोहचुंबक : ५० ते १००

वजन, व्यास आणि चुंबक या तीन गोष्टींत निम्मी ओळख होते. खरा चांदीचा रुपया चुंबकाला चिकटत नाही. चिकटला तर पुढचा खर्च करूच नका.

या भागात काय सापडू शकते?

सर्वांत जास्त मिळतात ती इंग्रजी अमलातली नाणी. १८३५ पासूनचा कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा. त्यात ९१.७ टक्के, म्हणजे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवशीच्या एका ग्रॅमच्या भावाने याला गुणा, की तळाची किंमत कळली. भाव १०० रुपये धरला तर १,०६९. जॉर्ज सहाव्याच्या १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच, म्हणजे ५.८३ ग्रॅम. त्याच राजाचा १९३९ सालचा रुपया फार दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याची नक्कल बाजारात भरपूर फिरते. एका आकड्याने इतका फरक पडतो. साल जपायचे ते यासाठी.

रुपयाची कडही पाहा. छत्तीसगडच्या बायका रुपयांच्या माळा घालत, जशी आपल्याकडे पुतळ्यांची माळ. कडी झाळल्याचा डाग असेल, तर त्या नाण्याला चांदीपलीकडे फारसे काही मिळत नाही. तरीही तो डाग काढू नका. ते नाणे कोणाच्या तरी गळ्यात होते, एवढे तरी तो सांगतो.

तांब्याचा पाव आणा ६.४७ ग्रॅमचा असे. १९०६ पासून तो काशाचा आणि ४.८६ ग्रॅमचा झाला. १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा दोन ग्रॅमचा. ही नाणी लाखोंनी पाडली गेली, त्यामुळे सामान्य स्थितीत त्यांना थोडेच पैसे येतात.

मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा काळ त्याआधीचा. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा रतनपूरपर्यंत आल्या, १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी तिथून कारभार पाहिला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. भोसल्यांच्या रुपयावर मजकूर फारसी आणि नाव मोगल बादशहाचे असते. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने अक्षरे कडेला कापली जातात. त्यामुळे लोक ‘मुसलमानी नाणे’ म्हणून ते बाजूला टाकतात. वजन दहा-अकरा ग्रॅम, जाडी जास्त आणि अक्षरे अर्धवट असतील, तर ते जाणकाराला दाखवल्याशिवाय सोडू नका. तांब्यावर ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’ दिसले तर ती शिवराई.

त्याहून जुनी म्हणजे रतनपूरच्या कलचुरींची सोन्याची नाणी, सुमारे चार ग्रॅमची. एका बाजूला हत्तीवर झेपावलेला सिंह, दुसरीकडे नागरी लिपीत जाजल्लदेव, रत्नदेव किंवा पृथ्वीदेव असे राजाचे नाव. त्याच्याही आधीची, पाचव्या-सहाव्या शतकातली, पत्र्यासारखी पातळ सोन्याची नाणी दक्षिण कोसलची खूण मानली जातात. त्यांवर महेंद्रादित्य किंवा प्रसन्नमात्र हे नाव आणि पंख पसरलेला गरुड मागून ठोकून उठवलेला असतो. ती बोटाच्या दाबानेही वाकतात, म्हणून कापसात ठेवा.

बिल्ल्यांचे वेगळे. १९०० च्या सुमारास बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूर–धमतरी ही छोटी लाइन टाकली आणि तिचा राजिमचा फाटा अभनपूरहून निघाला. भोक पाडलेला, आकडा ठोकलेला पितळी तुकडा मिळाला तर त्यावर ‘बी. एन. आर.’ ही इंग्रजी अक्षरे शोधा. मोल थोडे, पण गावाच्या इतिहासाला कामाचा. जुन्या रुळांची जमीन मात्र रेल्वेची आहे, तिथे परवानगीशिवाय खणू नका.

कलेक्टरला कळवणे : शुल्क नाही

१८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते : काय सापडले, अंदाजे किंमत, कुठे आणि कधी. या सूचनेसाठी कायद्यात कसलेही शुल्क सांगितलेले नाही. झेरॉक्स आणि जाण्यायेण्याचे भाडे, एवढाच खर्च. पोच घ्यायला विसरू नका.

जिल्हा जागेवरून ठरतो. अभनपूर किंवा नवापारा असेल तर रायपूर. नदी ओलांडून राजिममध्ये सापडले तर गरियाबंद.

यानंतर कलेक्टर जाहीर सूचना काढतात आणि चार ते सहा महिन्यांनंतरची सुनावणीची तारीख देतात. निधी बेवारस ठरला आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात आपसात काही ठरले नाही, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश मालकाचा. सरकारने तो घ्यायचे ठरवले तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देते. समजा धातू ५०,००० चा, तर मिळणार ६०,००० : शोधणाऱ्याला ४५,००० आणि मालकाला १५,०००. कळवलेच नाही तर वाटा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लपवणे हाच यातला सर्वांत महागडा पर्याय.

जाणकाराचे मत

रायपूरचे महंत घासीदास स्मारक संग्रहालय १८७५ चे. फोटो, वजन आणि जागेची नोंद घेऊन आधी तिथे जा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, नागपुरात इंडियन कॉइन सोसायटी आहे. तिथे आधी फोटो पाठवा आणि कुणी मागितल्याशिवाय नाणे पोस्टाने धाडू नका.

सोनाराकडच्या यंत्रावर धातूची तपासणी शे-दोनशे रुपयांत होते. पण जमिनीत मुरलेल्या चांदीच्या वरच्या थरात तांबे कमी झालेले असते, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा चढा येऊ शकतो. “ओरखडा काढून बघतो” असे कोणी म्हटले तर नाणे उचला आणि घरी या.

विकायचे झाले तर एक लक्षात ठेवा. १०० वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवानाधारकानेच करायचा असतो आणि ती परदेशी पाठवणे हा गुन्हा आहे.

मशीन घ्यावे का?

बाहेरून येणारी साधी मेटल डिटेक्टर मशीन साधारण सहा ते पंधरा हजारांत मिळतात, नावाजलेल्या कंपन्यांची पंचवीस हजारांच्या पुढे. इथल्या भाठा, म्हणजे मुरमाड जमिनीत लोह जास्त असते आणि स्वस्त मशीन तिथे उगाच वाजत राहते. शेतात वाजते ते बहुधा नांगराचा खिळा नाहीतर गुटख्याच्या पुडीची चमकी. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही शेतात उतरू नका. संरक्षित स्मारके आणि टेकाडांवर तर मशीन नेऊच नका. जाणकारांनी थराथराने उकललेल्या जागेत एक नाणे शंभर खापरांचा काळ सांगते. रात्रीच्या खड्ड्यातून काढलेले तेच नाणे मुके होते.

इथे एक रुपयाही देऊ नका

- “तुमचे नाणे लाखोंना घेतो, आधी नोंदणी फी भरा” असे सांगणाऱ्याला. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात शुल्क किंवा कमिशन घेण्याचा अधिकार आपण कोणालाही दिलेला नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.
- एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, १८१८ असे साल आणि दुसरीकडे राम दरबार किंवा हनुमान असलेल्या ‘नाण्याला’. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत.
- तांदूळ ओढणाऱ्या ‘राइस पुलर’ला. असा धातू नाही. त्याच्या तपासणीच्या नावाखाली लोकांनी शेती विकली आहे.

हिशेब

भिंग, काटा, कॅलिपर, झेरॉक्स आणि रायपूरची एक फेरी धरून खर्च दोन-अडीच हजारांच्या आत राहतो. त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट फुकट आहे : जागेची नोंद.

दादांच्या पाव आण्याचे साल आता कोणीही सांगू शकणार नाही. पण बांधाची जागा त्यांना हातभर अंतरावर आठवत होती. आम्ही खसरा नंबर, खोली आणि तारीख कागदावर उतरवली, कलेक्टरांच्या नावे सूचना लिहिली आणि नाणे कागदी पाकिटात ठेवले. पुढच्या हंगामात त्याच बांधात आणखी एखादी चकती निघाली, तर तिची ओळख या कागदापासून सुरू होईल. तेवढी एक न घासता आणा.