मुसीचा पूर आणि मनाचा बंधारा

प्रश्न : सुलतान बाजारातील वडिलोपार्जित पेढी बंद करावी लागली, मन सावरत नाही. काय करावे?
— एक वाचक, हैदराबाद

उत्तर : आपले दुःख यथार्थ आहे, ते गिळून टाका, असे मी म्हणणार नाही. आयुष्याची पहिली वर्षे दास्यात काढलेला प्राचीन तत्त्वज्ञ एपिक्टेटस स्वाधीन आणि पराधीन अशी जी विभागणी शिकवी, ती आपल्याच शहराने आचरली आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने सहस्रावधी प्राण घेतले, तेव्हा पर्जन्य कोणाच्या हुकमतीत नव्हता; परंतु पाणी वर अडवणे हाती होते, म्हणून निजाम सरकारने अभियंते विश्वेश्वरय्यांना पाचारण केले आणि १९२० साली उस्मानसागर, १९२७ साली हिमायतसागर हे जलाशय सिद्ध झाले. मध्ये किती वर्षे गेली, तेही ध्यानी घ्यावे. आपणही रोज रात्री वहीत दोन रकाने आखावेत, पहिला पराधीनाचा, दुसरा स्वाधीनाचा. गेलेली पेढी पहिल्यात, सावकारांशी करावयाची बोलणी दुसऱ्यात, आणि उद्याचे काम दुसऱ्यातूनच निवडावे.