पात्यांविना वारा

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा फार घरघरतो. पाती नसलेला, नुसत्या विजेवर वारा घालणारा पंखा निघालाय म्हणे. तो बसवून घेता येईल का?

उत्तर : असा वारा खरोखर असतो. बारीक तारेला काही हजार व्होल्ट दाब दिला की तिच्यालगतच्या हवेत आयन तयार होतात. ते समोरच्या इलेक्ट्रोडकडे धावताना वाटेतल्या साध्या रेणूंनाही पुढे रेटतात. लोकलच्या दारातून चार जण घुसले की सगळा डबा सरकतो, तसं. २०१८ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी याच तत्त्वावर सुमारे अडीच किलोचं विमान उडवून दाखवलं.

आवाज जवळजवळ नाही, फिरणारा भाग नाही. पण तारेवर धूळ बसते आणि वारा मंदावतो. शिवाय ओझोन तयार होतो, आणि तो घशाला-फुप्फुसांना चांगला नव्हे. हवेचा दाबही कमीच, त्यामुळे दाट पत्र्यांच्या हीटसिंकमधून हवा नीट जात नाही. हे सगळं सांभाळायचं तर यंत्राची रचना मुळापासून तशी हवी.

तेव्हा जुन्या लॅपटॉपमध्ये हा खटाटोप नको. घरघर बहुधा धुळीची किंवा झिजलेल्या बेअरिंगची असते. आधी पंखा साफ करून घ्या. तरीही थांबली नाही, तर पंखाच बदला.