अमेरिकन लघुकथा : लेखकाची की संपादकाची?

अमेरिकन लघुकथेचा अभ्यास आपण बहुधा एडगर ॲलन पो याच्यापासून सुरू करतो. १८४२ साली हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना त्याने असे प्रतिपादन केले की, कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा प्रत्येक शब्द एकाच परिणामाला पोषक असावा. पो स्वतः नियतकालिकाचा संपादक होता. ही कथा मासिकांच्या पानांवरच वाढली. म्हणून तिच्या घडणीतील संपादकाचा वाटा मला महत्त्वाचा वाटतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे रेमंड कार्व्हर. त्याच्या १९८१ च्या संग्रहामुळे तो मितभाषी कथेचा आदर्श मानला गेला. प्रत्यक्षात त्यातील कित्येक कथांना गॉर्डन लिश या संपादकाने अशी कात्री लावली होती की, निम्म्याहून कमी मजकूर उरला. प्रकाशन थांबवावे, अशी विनवणी कार्व्हरने १९८० मध्ये केली होती. ती व्यर्थ गेली.

त्या संग्रहातील 'द बाथ' ही कथा अपघातात सापडलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हे न सांगताच संपते. १९८३ च्या 'कॅथीड्रल'मध्ये ती 'अ स्मॉल, गुड थिंग' या नावाने विस्ताराने आली. तीत मुलगा दगावतो आणि शोकाकुल आईबापांना बेकरीवाला गरम पाव खाऊ घालतो. मूळ हस्तलिखितांचा संग्रह 'बिगिनर्स' २००९ साली प्रसिद्ध झाला.

संक्षेप हा लघुकथेचा प्राण खरा. पण त्यापायी करुणाच गळून पडली तर उरले काय? लेखकाच्या शैलीवर निर्णय देण्यापूर्वी आपण अभ्यासकांनी दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचावेत, असे मला वाटते.