राज्य पुढे कसं जातं? मोठ्या उद्योजकांच्या ५ चाली आणि आपलं छोटं दुकान



मागच्या बॅचमध्ये एका ताईंनी मला थेट विचारलं, "सर, बातम्यांमध्ये रोज ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था ऐकते. माझा मसाल्याचा छोटा व्यवसाय आहे. माझा त्याच्याशी काय संबंध?" व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर दिलं, पण ते अर्धवट होतं. म्हणून आज नीट लिहितोय. चहा घेऊन बसा, शेवटी गृहपाठ पण आहे.

आधी बातमी काय होती ते बघू. २०२२ च्या शेवटी महाराष्ट्र सरकारने एक आर्थिक सल्लागार परिषद नेमली. अध्यक्ष होते टाटा सन्सचे एन. चंद्रशेखरन. मोठ्या उद्योजकांनी एकत्र बसून सांगायचं होतं, की राज्याची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरपर्यंत, म्हणजे एकावर बारा शून्य एवढे डॉलर, कशी न्यायची. आता गंमत बघा. एकूण उत्पादनात महाराष्ट्र देशात पहिला, पण दरडोई उत्पन्नात पहिला नाही. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातून येतो. म्हणजे खरा प्रश्न आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांचा आहे. तिथे बसलेल्या आपल्या दुकानांचा आहे.

स्पर्धात्मकता म्हणजे नेमकं काय?

बीबीएला असताना मी मायकेल पोर्टर यांचा 'डायमंड' पाच मार्कांसाठी पाठ केला होता. पेपर संपला आणि विसरलो. दुकानात बसल्यावर कळलं की माणूस कामाचं सांगत होता. त्यांचं १९९० चं म्हणणं सोप्या भाषेत असं : एखादी कंपनी एकटी तगडी नसते. तिच्या आजूबाजूला चांगले पुरवठादार, शिकलेले कामगार, चोखंदळ गिऱ्हाईक आणि तोडीस तोड स्पर्धक असतील तर ती तगडी होते. म्हणजे स्पर्धा फक्त दोन दुकानांत नसते, दोन ठिकाणांत पण असते. पिंपरी-चिंचवडची स्पर्धा चेन्नईशी असते. आणि आपल्या बाजारपेठेची स्पर्धा जिल्ह्याच्या गावाशी, मॉलशी आणि मोबाईलशी असते.

हे मला पुस्तकाने नाही शिकवलं, नुकसानीने शिकवलं.

माझी चूक

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, वडिलांनी सुरू केलेलं. लग्नसराईत संसारसेट विकला की वर्षाची चिंता मिटायची. २०१८ मध्ये व्यापारी मंडळाने प्रस्ताव आणला : बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह आणि गाड्या लावायला जागा करायची, प्रत्येक दुकानदाराने ३,००० रुपये काढायचे. मी बैठकीत उठून विरोध केला. माझं म्हणणं, माझ्या दुकानात मागे सोय आहे, मी का देऊ? आणि खरं सांगू का, मनात वेगळंच होतं. समोरच्या भांडेवाल्या काकांचा फायदा होईल, त्याचे पैसे मी का भरू?

प्रस्ताव बारगळला. पुढच्या दोन लग्नसराईत माझे संसारसेट जवळपास निम्म्यावर आले. मी दर कमी केले, बोर्ड बदलला, फेसबुकवर जाहिरात केली. काही फरक नाही. मग एक जुन्या गिऱ्हाईक मावशी भेटल्या. त्या म्हणाल्या, "दादा, तुझा दर बरा हाय. पण लग्नाचा बाजार म्हंजी चार-पाच तास. बायामाणसांनी जायाचं कुठं? आम्ही सांगलीलाच जातो आता. कापड, भांडी, समदं तिथंच."

बघा. मी काकांशी स्पर्धा करत होतो आणि आमचं दोघांचंही गिऱ्हाईक गावच सोडून गेलं होतं. काकांचे सेट पण तेवढेच घटले होते.

आता बघू, मोठ्या उद्योजकांनी हेच गणित कसं सोडवलं.

चाल १ : पुरवठादार मोठा करा

पुण्यात खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. इंजिनाला क्रँकशाफ्ट लागतो, क्रँकशाफ्टला फोर्जिंग लागतं. १९६१ मध्ये नीलकंठराव कल्याणी यांनी मुंढव्यात भारत फोर्ज काढली. पुढे टेल्को आली, बजाज आली आणि त्यांच्याभोवती सुटे भाग बनवणारे शेकडो छोटे कारखाने उभे राहिले. मोठी कंपनी छोट्याला ड्रॉइंग द्यायची, तपासणी शिकवायची, ऑर्डर द्यायची. छोटा सुधारला की मोठ्याचा माल सुधारायचा. आज भारत फोर्ज जगभरातल्या वाहन कंपन्यांना भाग पुरवते.

*आपल्यासाठी :* तुमच्या तीन मुख्य पुरवठादारांकडे बघा. त्यांना तुम्ही फक्त 'अजून दोन रुपये कमी कर' एवढंच सांगता का? मसालेवाल्या ताईंनी मिरची देणाऱ्या शेतकऱ्याला एकदा बसवून सांगावं, की मला ओल किती चालते, देठ काढून हवेत का, पॅकिंग कसं हवं. आणि पैसे वेळेवर द्या. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उधारी थकवून पुरवठादार मारला, तर उद्या माल कोण देणार?

चाल २ : माणूस आधी घडवा

टेल्कोचे सुमंत मुळगावकर हे नाव लक्षात ठेवा. 'सुमो' गाडीचं नाव त्यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आहे. १९६० च्या दशकात पुण्याचा कारखाना उभा करताना त्यांनी ट्रकपासून सुरुवात केली नाही. आधी प्रशिक्षण विभाग आणि मशीन टूल विभाग उभा केला. पहिलं वाहन बाहेर पडायच्या कितीतरी वर्षं आधी तिथे पोरं हातात कानस घेऊन शिकत होती. त्यातले कितीतरी जण पुढे दुसरीकडे गेले, काहींनी स्वतःचे वर्कशॉप टाकले. कंपनीचं नुकसान झालं का? उलट त्या भागात कुशल माणूस मिळू लागला, म्हणून आणखी कंपन्या आल्या.

*आपल्यासाठी :* "सर, शिकवलं की पोरगा सोडून जातो." हे मी दर बॅचला ऐकतो. जाऊ दे की. न शिकवता राहिला तर ते जास्त महाग पडतं. एका वहीत दुकानातली दहा कामं लिहा आणि कुणाला कुठलं येतं त्याच्यापुढे टिक करा. सरकारच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत शिकाऊ मुलाच्या स्टायपेंडचा काही भाग केंद्र सरकार देतं. तुमचा व्यवसाय त्यात बसतो का ते आधी पोर्टलवर तपासा.

चाल ३ : महाग वस्तू मिळून घ्या

सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराला टेस्टिंगची महाग मशीन लागते, पण महिन्यातून चार दिवस. एकट्याने घेतली तर कर्जातच बुडेल. म्हणून चिंचवडला ऑटो क्लस्टर उभं राहिलं आणि छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर. केंद्राचं अनुदान आणि स्थानिक उद्योजकांचा वाटा. एकमेकांचे स्पर्धक असलेले लोक त्याच लॅबमध्ये आपापला भाग तपासून घेतात.

*आपल्यासाठी :* तुमच्या गावात पाच जणी पापड-मसाला करतात आणि पाचही जणींना पॅकिंग मशीन परवडत नाही, तर एक मशीन पाच जणींत बसतं का बघा. सामायिक सुविधा केंद्रासाठी राज्याची समूह विकास योजना आहे. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. पण आधी आपसात लेखी ठरवा : मशीन कुठे राहणार, वीजबिल कोण भरणार, बिघडली तर काय. ही तीन उत्तरं कागदावर नसतील तर अनुदानाच्या मागे लागू नका. भांडणं तिथूनच सुरू होतात.

चाल ४ : दर्जा सगळ्यांचा सांभाळा

२०१० मध्ये नाशिकच्या द्राक्षांना युरोपात मोठा फटका बसला. क्लोरमेक्वॅट क्लोराइड नावाच्या वाढ-नियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल अडकला. ज्यांची काही चूक नव्हती तेही त्यात भरडले, कारण समोरचा ग्राहक शेतकऱ्याचं नाव वाचत नाही, 'भारतीय द्राक्ष' एवढंच वाचतो. त्याच काळात विलास शिंदे यांनी शेतकऱ्यांना जोडून मोहाडीला सह्याद्री फार्म्स उभी केली. कुठल्या पेटीतला माल कुठल्या प्लॉटमधला हे सांगता आलं पाहिजे, फवारणीची नोंद पाहिजे, पॅकहाऊसला तपासणी पाहिजे. नियम सगळ्यांना सारखे.

*आपल्यासाठी :* बाजारातल्या एका दुकानदाराने वजनात मारलं, तर गिऱ्हाईक घरी जाऊन "त्या बाजारात फसवतात" असं सांगतं. तुमचं दुकान वेगळं काढून सांगत नाही. म्हणून चार-पाच किमान नियम सगळ्यांनी मिळून ठरवा : पक्कं बिल, बरोबर वजन, माल बदलून देण्याची मुदत.

चाल ५ : एका आवाजात, तयारीने मागा

१९३४ मध्ये आ. रा. भट यांनी पुढाकार घेऊन पुण्यात मराठा चेंबर सुरू केलं. तेव्हा पुणे म्हणजे पेन्शनरांचं गाव समजलं जायचं. चेंबरने उद्योजकांना एका टेबलावर आणलं. आकडे गोळा करायचे, अडचण लिहायची, उपाय सुचवायचा, मग सरकारकडे जायचं. पुढे १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवडला जमीन, पाणी, रस्ता यांची सोय झाली. पण फक्त जमीन मिळाली म्हणून कुठलंच गाव पिंपरी-चिंचवड होत नाही. राज्यात कितीतरी एमआयडीसींमध्ये रिकामे प्लॉट दिसतील. पुण्यात जमिनीच्या आधी माणसं एकत्र आलेली होती.

*आपल्यासाठी :* नगरपरिषदेत एकटा जाऊन तक्रार केली तर ती तक्रार राहते. पंचवीस दुकानदार सह्या, मोजमाप आणि आपला वाटा घेऊन गेले तर तो प्रस्ताव होतो.

मग आमच्या बाजाराचं काय झालं?

मावशींच्या बोलण्यानंतर मी आठ दिवस नीट झोपलो नाही. मग समोरच्या काकांच्या दुकानात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या गल्ल्याजवळ बसलो आणि म्हटलं, "काका, त्या बैठकीत चूक माझी होती." काका हसले. म्हणाले, "तू बोललास म्हणून सगळ्यांना कळलं. मी गप्प बसून विरोध केला होता."

आम्ही दोघं मिळून दुकानं फिरलो. ३४ पैकी २६ जणांनी पैसे दिले. जागा नगरपरिषदेने दिली, बांधकामाला आमचे पैसे. साफसफाईच्या बाईंचा पगार दरमहा वाटून घेतो. अजूनही चार-पाच जण टाळाटाळ करतात, पार्किंगचा प्रश्न तर अर्धाच सुटलाय. संसारसेट पूर्वीएवढे झाले नाहीत, पण घसरण थांबली. गेल्या लग्नसराईत एका गिऱ्हाइकाला माझ्याकडे पातेल्याचं माप मिळालं नाही तेव्हा मी त्याला काकांकडे पाठवलं. पूर्वी मी "संपलंय, उद्या या" म्हणालो असतो आणि ते सांगलीला गेलं असतं.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. राज्याची स्पर्धात्मकता मंत्रालयात मोजली जाते, पण ती तयार होते तुमच्या मिरचीवाल्याकडे, तुमच्या पॅकिंगवालीकडे आणि तुमच्या शेजारच्या दुकानाशी तुमचं कसं आहे त्यावर.

या आठवड्याचा गृहपाठ

१. गेल्या वर्षात सोडून गेलेल्या पाच गिऱ्हाइकांना फोन करा. "माझ्याकडे का येत नाही?" असं विचारू नका. "आपल्या बाजारात का येत नाही?" असं विचारा.

२. मिळालेल्या उत्तरांतून एकट्याने सुटणारी आणि मिळून सुटणारी, अशा दोन याद्या करा.

३. दुसऱ्या यादीतली सगळ्यात स्वस्त गोष्ट निवडा आणि तुमच्या सगळ्यात जवळच्या स्पर्धकाकडे चहाला जा. चहाचे पैसे तुम्ही द्या.

काय झालं ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा. चहा फुकट गेला असेल तरी लिहा, त्यातूनही शिकता येतं. पुढच्या भागात उधारीची वही आणि वसुली यावर बोलू.

भेटू लवकरच. धंदा नीट करा, हिशोब रोज लिहा.