संगणकातील दप्तर

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे कागद जतन करून ठेवलेले आहेत. त्यांतील पुष्कळसे मोडी लिपीत आहेत. जुन्या मराठी दप्तरांत असे कागद कापडात बांधून ठेवीत व त्या गाठोड्यास रुमाल म्हणत. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. दरबार गेला, कारकुनांच्या जागा गेल्या; कागद मात्र राहिले. जो कागद दप्तरात दाखल झाला होता, तो आजही मागितल्यास हाती येऊ शकतो. जो कोणा कारकुनाच्या घरच्या कोनाड्यात राहिला, त्याचे पुढे काय झाले असेल, कोण सांगणार?

संगणकावर काम करणारा माणूसही असाच एक कारकून हाताशी घेतो. त्याचे नाव प्रोग्रॅम. कोणी निबंध लिहून घेतो, कोणी हिशेब ठेवतो, कोणी चित्रे रंगवितो. हे कारकून बदलत असतात. कागद मात्र मालकाचे असतात. म्हणून ते कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न प्रोग्रॅम रचणाऱ्यास आरंभीच सोडवावा लागतो.

उत्तर सोपे असते, जर सर्व संगणकांचा कारभार एकसारखा असता तर. हा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थेस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, आणि प्रत्येकीची वहिवाट निराळी. विंडोजमध्ये ‘यूजर्स’ या फोल्डरात प्रत्येक माणसाच्या नावाचे एक घर असते. त्यात ‘डॉक्युमेंट्स’ हे त्याच्या कागदांचे दालन, आणि ‘ॲपडेटा’ ही प्रोग्रॅमांनी आपले सामान ठेवावयाची, सहसा दृष्टीस न पडणारी खोली. मॅकवर तेच सामान ‘लायब्ररी’मध्ये ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’ या नावाखाली जाते. लिनक्समध्ये पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम मालकाच्या घरातच आपले बिऱ्हाड मांडीत असे. नावाच्या आरंभी एक टिंब दिले, की ती फाईल यादीत दिसत नसे. न दिसणारा पसारा हाही पसाराच! पुढे २००३ साली एक संकेत ठरविण्यात आला. आवडीनिवडींच्या नोंदी एकीकडे, टिकवावयाचा मजकूर दुसरीकडे आणि तात्पुरती टिपणे तिसरीकडे, अशी विभागणी त्यात सुचविली गेली. तात्पुरती टिपणे पुसली तरी काही बिघडत नाही, कारण प्रोग्रॅम ती पुन्हा तयार करतो. मालकाचा निबंध त्यांत मिसळला, तर केर काढताना तोही जावयाचा.

मग या जागांची नावे प्रोग्रॅमात कायमची कोरून ठेवावी काय? तसे करणे शहाणपणाचे नाही. विंडोज एक्सपीमध्ये माणसांची घरे ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या नावाखाली होती. २००७ साली सर्वांच्या हाती आलेल्या व्हिस्टामध्ये ती ‘यूजर्स’खाली गेली. जुने नाव पुसत येणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी नव्या दारावर जुन्या नावाचीही पाटी ठेवावी लागली. शिवाय मालक आपले कागद दुसऱ्या डिस्कवर हलवू शकतो; लिनक्समध्ये निवडलेल्या भाषेप्रमाणे फोल्डरांची नावेही बदलू शकतात. म्हणून चांगला प्रोग्रॅम पत्ता पाठ करीत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतो, ‘या गृहस्थांचे कागद कोठे ठेवतात?’ आणि ती दाखवील त्या दारी जातो.

मोबाइलवर हा प्रश्न अधिक अवघड होतो. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःची बंद खोली मिळते. एकाच्या खोलीत दुसऱ्याने डोकावू नये, हा त्यातील हेतू चांगला आहे. परंतु ॲप काढून टाकले, की ती खोलीही सामानासह रिकामी केली जाते.

समजा, शुक्रवार पेठेतील एका मुलीने पंचगंगेच्या २०१९च्या महापुराची हकीकत आजीच्या तोंडून ऐकली आणि मोबाइलवर लिहून काढली. पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले, गुरे कोठे हलविली, देवघरातले काय आधी उचलले, असे सारे तिने टिपले. पुढे मोबाइलमधील जागा संपली आणि घरातील कोणी ते ॲप काढून टाकले. लिखाण ॲपच्या बंद खोलीतच असेल व त्याची प्रत दुसरीकडे नसेल, तर आजीची हकीकत त्याच क्षणी नाहीशी झाली. ॲप रचणाऱ्याने अक्षराचा आकार, पानाचा रंग अशा स्वतःच्या नोंदी तेवढ्या त्या खोलीत ठेविल्या असतील आणि लिखाण ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेविले असेल, तर ॲप गेले तरी फाईल जागच्या जागी राहते. मुलगी दुसरे ॲप घेते, ती फाईल उघडते, आणि आजी ज्या पायरीवर उभी होती, तेथूनच पुढे लिहू लागते.