डिझेल मोटारीचा टायमिंग पट्टा : तो केव्हा व कसा बदलावा

आपल्या शेतकरी बंधूंस डिझेल इंजिन आता नवखे राहिलेले नाही. विहिरीवरील इंजिन व ट्रॅक्टर यांच्या सहवासाने तेल, पाणी, फिल्टर व नोझल यांची निगा कशी राखावी हे बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु ट्रॅक्टरवर मिळविलेले हे ज्ञान जुनी मोटार विकत घेणारास एके ठिकाणी अपुरे पडते. ट्रॅक्टरच्या इंजिनात टायमिंगचे काम बहुधा पोलादी गिअर करतात. ते तेलात फिरतात व सहसा बदलावे लागत नाहीत. पुष्कळ डिझेल मोटारींत मात्र हेच काम एका रबरी दातेरी पट्ट्याकडे असते, आणि त्या पट्ट्यास आयुष्याची मर्यादा असते. ही गोष्ट ध्यानात न आल्यामुळे चांगली चालती इंजिने निकामी होतात; म्हणून तिचा येथे थोडा विस्ताराने विचार करीत आहोत.

पट्ट्याचे कार्य. — क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो. तसे झाले तरच व्हॉल्व्ह योग्य क्षणी उघडतात व मिटतात. ही सांगड पट्टा राखतो. कित्येक इंजिनांत डिझेल पंपही तोच फिरवितो. इंजिन मिनिटास 2,000 फेऱ्यांनी चालले, तर एका तासात प्रत्येक व्हॉल्व्ह 60,000 वेळा उघडतो. हा सर्व भार पट्ट्याचे दात सोशीत असतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने तेल पेटते. म्हणून दट्ट्या वर आला असता त्याच्या व हेडच्या मध्ये फारच थोडी जागा उरते. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट थांबतो व काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. दट्टे मात्र गतीच्या ओघात वर येतच असतात. व्हॉल्व्ह वाकतात, प्रसंगी दट्टे व हेडही बिघडतात. पट्टा व बेअरिंगे यांच्या किमतीत जे काम झाले असते, त्यासाठी सारे हेड उतरवावे लागते. आणि हे संकट बहुधा माल बाजारी नेण्याच्या घाईत ओढवते.

केव्हा बदलावा. — उत्पादकाच्या पुस्तिकेत किलोमीटर व वर्षे अशा दोन मर्यादा दिल्या असल्यास जी आधी भरेल ती मानावी. उदाहरणार्थ, 2000 ते 2005 या काळात आपल्या देशात विकल्या गेलेल्या टोयोटा क्वालिसचे 2,446 घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन पट्ट्याचे आहे, व त्या जातीच्या इंजिनास 1,00,000 किलोमीटरची मर्यादा सांगतात. इतर इंजिनांच्या मर्यादा निराळ्या असतात, आणि काहींत पट्ट्याऐवजी साखळी असते. म्हणून शेजाऱ्याच्या मोटारीवरून आपल्या मोटारीचा हिशेब करू नये.

पट्टा डोळ्यांना धडधाकट दिसला म्हणून तो टिकेल असे मुळीच नाही. त्याचे बळ आतील दोऱ्यांत असते, आणि ते झिजलेले बाहेरून दिसत नाहीत. रबर तर मोटार उभी असतानाही जुने होते. ऑइल किंवा डिझेल लागलेला पट्टा मुदत उरली असली तरी काढावा, व आधी गळती बंद करावी. जुनी मोटार घेताना पट्टा बदलल्याची लेखी नोंद मिळाली नाही, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे.

बदलण्याची रीत. — हे काम त्या इंजिनाची माहिती असलेल्या मिस्त्रीकडूनच करवावे. परंतु मालकाने जवळ उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्या.

1. इंजिन पूर्ण थंड असावे व बॅटरीची तार सोडावी. हीटर प्लग काढल्यास इंजिन हाताने सहज फिरते.

2. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या दाबाच्या अखेरीस अगदी वर आणून क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट व पंप यांच्या खुणा जुळवाव्या. काही इंजिनांस खुणांऐवजी अडकविण्याच्या पिना लागतात. त्या नसतील तर अंदाजाने काम करू देऊ नये.

3. पट्टा निघाल्यावर कोणताही शाफ्ट फिरवू नये. टेन्शनर व आयडलर बेअरिंग नवीन घालावे. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही बदलावा. ऑइल सील पाझरत असतील तर तेही याच वेळी बदलावे. एकदा उघडलेले काम पुन्हा उघडणे महाग पडते.

4. नवा पट्टा दुमडू नये, उलटा करू नये, आणि पेचकसाने रेटून चढवू नये. त्याचा ताण पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच असावा. सैल पट्टा दात ओलांडतो. फार घट्ट पट्टा बेअरिंग खातो.

5. सर्वांत महत्त्वाचे हे की, स्टार्टर मारण्यापूर्वी क्रँकशाफ्ट पान्याने, चालण्याच्याच दिशेने, दोन पूर्ण फेरे हळू फिरवावा व खुणा पुन्हा पाहाव्या. दोन फेऱ्यांनी कॅमशाफ्टचा एक फेरा पुरा होतो, म्हणून खुणा तंतोतंत जुळल्याच पाहिजेत. हीटर प्लग काढले असल्याने हवेचा अडथळा नसतो. तरीही पाना मध्येच कठीण अडला, तर व्हॉल्व्ह दट्ट्यास टेकला असे समजून तेथेच थांबावे. जोर लावू नये.

पंपाची खूण एक दात जरी चुकली, तरी इंजिन ठोके देते किंवा धूर टाकून शक्ती गमावते. असे काम पुरे झाले म्हणून स्वीकारू नये.

पट्टा तुटल्याचा संशय आल्यास. — चालते इंजिन एकाएकी बंद पडले, व स्टार्टर मारता ते नेहमीपेक्षा हलके फिरू लागले, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. मोटार ढकलून किंवा ट्रॅक्टरला दोर बांधून चालू करण्याची आपल्याकडील चाल येथे घातक ठरते; वाचलेले व्हॉल्व्हही त्यामुळे वाकतात. मोटार गिअर काढूनच ओढून न्यावी.

गुरांना टोचून घेण्याची तारीख आपण पावसाळ्याआधी ठरवितो, गुरे आजारी पडण्याची वाट पाहत नाही. पट्ट्याच्या बाबतीतही हाच न्याय लावावा. बदलल्याची तारीख व मीटरचा आकडा लिहून इंजिनाजवळ चिकटवावा, वहीतही नोंदवावा, आणि पुढची बदली कामाच्या मंदीच्या महिन्यात ठरवून ठेवावी, अशी आमची वाचकांस सूचना आहे.