मुलांना कयाकमध्ये बसवण्याआधी

नेकनूरच्या एका वाचकाने विचारलं आहे : 'दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला गेलो, तिथे सगळ्यांनी कयाकिंग केलं. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी साडेतीनची. दोघंही खूश. आता हवा भरायची कयाक ऑनलाइन मागवून बिंदुसरा किंवा मांजरा धरणावर सुट्टीच्या दिवशी जावं म्हणतो. तब्येतीला चांगलं का?'

तब्येतीला चांगलंच. खांदे, पाठ, पोट यांना व्यायाम होतो, आणि निदान तासभर मुलांच्या हातात मोबाइल नसतो. पण मला आधी दुसराच प्रश्न विचारायचा आहे. नाव उलटली तर दोघांना धरणार कोण?

कयाक उलटणं हा अपघात नाही, तो या खेळाचाच भाग आहे. म्हणून एका लहान मुलामागे पाण्यात तरबेज असा एक मोठा माणूस हवाच. 'मला पोहता येतं' एवढ्याने भागत नाही. आपल्याकडे बहुतेक जण विहिरीत पोहायला शिकले, कमरेला भोपळा किंवा प्लास्टिकचा कॅन बांधून. विहिरीत चार हात मारले की कठडा हाताशी येतो. धरणात वारा सुटला की काठ लांबच जात राहतो.

माझं मत स्पष्ट आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला धरणाच्या उघड्या पाण्यात नेऊ नये. प्रशिक्षक सोबत असेल आणि खाडीचं पाणी संथ असेल, तर काठाजवळ थोडा वेळ बसवायला हरकत नाही. आठ वर्षांच्या मुलाला उताणं तरंगता येत असेल आणि तो सांगितलेलं ऐकत असेल, तर त्याला जरूर शिकवा. पहिला धडा उलटण्याचा : कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम कयाक उलटवायची आणि तो घाबरतो का ते पाहायचं.

आता लाईफ जॅकेट. गणवेश एक माप मोठा घ्यायची आपली सवय इथे जिवावर बेतू शकते. जॅकेटच्या आत किती किलोच्या माणसासाठी ते आहे हे छापलेलं असतं. मुलाचं वजन करून तेच माप घ्या. लहान मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा, मानेमागे फुगीर कॉलर हवी आणि मूल वर ओढायला पकड हवी. सगळे पट्टे आवळल्यावर खांद्यांशी धरून मुलाला उचलून पाहा. जॅकेट सरकून हनुवटीच्या वर आलं तर ते मोठं आहे, परत करा. टायरची ट्यूब, कॅन, फुग्याचे दंडपट्टे यांनी मूल तरंगेल, पण त्याचं तोंड पाण्याच्या वर राहील याची हमी नाही. आणि भीतीपोटी मुलाला कयाकला दोरीने बांधू तर अजिबात नका.

धरणाचं म्हणाल, तर बिंदुसराचं पाणी बीड शहराला जातं, मांजराचं लातूर, केज, अंबाजोगाईला. हे पिण्याचं पाणी आहे. जलसंपदा विभागाला विचारल्याशिवाय त्यात नाव घालू नका. शिवाय आपल्या धरणांची पातळी दरवर्षी वेगळी. २०१६ साली मांजरा आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यामुळे गेल्या वर्षी पायाखालची असलेली जागा यंदा खोल असते, किंवा तिथे गुडघाभर गाळ असतो. पाण्याखाली बाभळीचे बुंधे असतात, मासेमारीची जाळी असतात. हवेच्या कयाकला एक काटा पुरतो.

वाऱ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. वळवाचा वारा बहुधा दुपारनंतर सुटतो आणि तयारीला वेळ देत नाही. पाण्यात जायचं तर सकाळी लवकर, आणि ऊन चढायच्या आत बाहेर. कयाक मोटारबोटीपेक्षा कितीतरी हलकी असते, हे विसरू नका. उन्हासाठीही हीच वेळ बरी, कारण पाण्यावरून परतणारं ऊन टोपीखालूनही चेहरा भाजतं. मुलं तहान लागली म्हणून सांगत नाहीत, त्यांना दर थोड्या वेळाने पाणी पाजा.

मुलाला फिट्स येत असतील तर गोळ्या चालू असतानाही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात नेऊ नका. कान वाहत असेल तर थांबा. दमा असेल तर पंप पाणी न शिरणाऱ्या पिशवीत सोबत ठेवा. मोठ्यांनी वल्हं नुसत्या हातांनी न ओढता कंबरेपासून वळून ओढावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी खांदा घेऊन माझ्याकडे यावं लागेल. आणि कोकणात पावसाळ्यात पाण्यात उतरला असाल, त्यानंतर महिन्याभरात ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळे लाल अशी लक्षणं दिसली, तर कोकणातल्या पाण्यात गेला होतात हे डॉक्टरांना आपणहून सांगा. तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो, आणि तुम्ही सांगितलं नाहीत तर इकडे तो चटकन आठवणार नाही.

खरी काळजी मला धरणाची नाही, शेततळ्याची आहे. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली आणि गावोगाव तळी झाली. आतला प्लास्टिकचा कागद ओला झाला की शेवाळाने इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. वाचवायला उतरणाराही अडकतो. कयाकची गोडी लागलेली मुलं ट्यूब घेऊन तिकडेच जाणार. तळ्याला कुंपण घाला, चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा.

बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही, हातही हलवत नाही. त्याला बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, खांद्यावर घेऊन गरगर फिरवणं, पोट दाबणं, मिठात पुरणं, यांतलं काहीही करू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी उलट फुफ्फुसात जातं. श्वास चालत नसेल तर हनुवटी वर करून, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या. तरीही मूल निपचित असेल तर छातीच्या मधोमध तळहाताने तीस वेळा जोरात दाबा, मग दोन श्वास, आणि हे मदत येईपर्यंत चालू ठेवा. दुसऱ्याला १०८ला फोन करायला सांगा. मूल खोकून शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्याच, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही वाढतो.

तेव्हा यंदा कयाक मागवू नका. त्या पैशांत दोन्ही मुलांना मापाची जॅकेट घ्या, थोरल्याला तलावात शिक्षकाकडून पोहायला शिकवा, धाकटीला अजून दोनेक वर्षं काठावर राहू द्या. आणि शेतात शेततळं असेल, तर येत्या सुट्टीच्या दिवशी आधी त्याला कुंपण घाला.